दगडापासून 'मी' पर्यंत : अस्तित्वाच्या पायऱ्या कशा लावायच्या?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आठवी-नववीच्या मुलांकडून एक मोठा तक्ता करून घेतोय. नुसत्या दगडापासून ते स्वतःला 'मी' म्हणणाऱ्या माणसापर्यंत जे जे आहे त्याच्या पायऱ्या, असा विषय. मुलांनी कच्चा आराखडा केला तो असा : तळाला दगड, पाणी, हवा. त्यावर विषाणू, पण अर्धीच पायरी. मग जीवाणू, झाडं, गांडुळं-किडे, मासे, बेडूक, पक्षी, गाय-कुत्रा, माकड आणि सगळ्यात वर माणूस.

दिसायला छान दिसतं. पण नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, माझा भाऊ दोन महिन्यांचा आहे. तो आमच्या कुत्र्याच्या वर की खाली?" लगेच मागून दुसऱ्याचा प्रश्न, झोपलेला माणूस कुठे ठेवायचा?

आमचे संस्कृतचे सर म्हणतात, तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश घ्या : अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. सगळं त्यात बसतं. मुख्याध्यापक म्हणतात, पाठ्यपुस्तकातलं सजीव-निर्जीव पुरे. मला दोन्ही पटत नाही. कोश हे एकाच माणसाच्या आतले थर आहेत, त्यात गांडूळ कुठे ठेवू? आणि सजीव-निर्जीव एवढ्यावर थांबलो तर मुलांचा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

माझे प्रश्न दोन. पायरी ठरवायला कसोटी कोणती धरावी? आणि मुळात ही एकच शिडी आहे का?

सदाशिवपेठी

सर, थोडी जुनी हकीकत सांगतो, पुढे जाणकार लिहितीलच. मी तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो.

ॲरिस्टॉटलने सजीवांचे तीन थर केले. वनस्पती पोषण घेतात आणि वाढतात. प्राण्यांत त्याच्या जोडीला संवेदना येते. माणसात आणखी विचार येतो. वरच्या थरात खालचे थर सामावलेले, हे त्याच्या मांडणीचं वैशिष्ट्य. युरोपात पुढे त्याचीच लांबलचक शिडी झाली. अठराव्या शतकात शार्ल बॉने या निसर्गअभ्यासकाने तर पंचमहाभूतांसारख्या मूलद्रव्यांपासून माणसापर्यंत एकच ओळ लावून दाखवली. डार्विनने १८३७ मध्ये स्वतःच्या वहीत फांद्या फुटलेलं झाड काढलं, आणि जीवशास्त्रात तरी ती ओळ तिथे संपली. गांडूळ माणूस होण्याच्या वाटेवर कुठे अडकलेलं नाही. ते आपल्या फांदीवर पूर्ण आहे. तुमच्या तक्त्यातल्या बाणांना एवढ्याने धक्का बसतो.

आपल्याकडचा एक उतारा मात्र मुलांना जरूर सांगा. ऐतरेय आरण्यकात म्हटलंय की आत्मा एकाहून एकात अधिक प्रकट होत जातो. झाडाझुडपांत नुसता रस दिसतो, प्राण्यांत चित्त दिसतं, आणि माणसात तो सर्वांत उघड होतो, कारण माणूस जे कळलं ते बोलतो आणि उद्याचं जाणतो. इतर प्राण्यांना भूक-तहान तेवढी कळते, असं पुढे येतं. 'उद्याचं जाणणं' ही कसोटी मला आजही अत्यंत नेमकी वाटते. पाच कोशांपेक्षा तुमच्या तक्त्याला हा उतारा जवळचा आहे.

कृष्णाकाठ

पाटीपेन्सिल सर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तक्त्यापुरता नाही. त्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी तान्ह्या बाळांनी फार सोसलंय. त्यावर येतेच, पण आधी माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल.

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. नाव-गाव सांगणारा, घाबरलेला, "मॅडम, मधेच जाग येणार नाही ना?" असं विचारणारा माणूस टेबलावर येतो आणि बघता बघता तुमच्या पायऱ्या उतरतो. काम झालं की परत चढतो. रोज हेच बघत असल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगते : तो एकाच शिडीवरून उतरत नाही.

प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेत जाऊ लागलं की मी आकडे मोजायला सांगते. आकडा मधेच तुटतो. मग हाकेला ओ येत नाही. पापणीच्या केसांना बोट लावलं तर डोळा मिटत नाही. श्वास मंदावतो, बऱ्याचदा थांबतो, मग तो आम्ही देतो. हृदय आपलं चालूच असतं. इथपर्यंत मुलांचा आराखडा बरोबर वाटेल : आधी माणूसपण गेलं, मग प्राणीपण, शेवटी नुसतं जगणं उरलं. आर्थर ग्वेडेल या अमेरिकी डॉक्टरने ईथरच्या भुलीचे टप्पे बांधले तेही असेच एकाखाली एक होते. श्वासाची लय, डोळ्याच्या बुबुळाची हालचाल, बाहुलीचा आकार एवढ्यावरून रुग्ण किती खोल गेलाय ते ओळखायचं. पहिल्या महायुद्धात घाईघाईने तयार केलेल्या माणसांच्या हाती ईथर द्यावं लागायचं, त्यांच्यासाठी तो तक्ता फार उपयोगाचा होता.

पण औषध बदललं की क्रम बदलतो.

मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध बेताच्या मात्रेत दिलं तर माणूस बोलतो, "हात वर करा" म्हटलं की करतो, विचारलं तर कुठे दुखतंय तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी यातलं काही म्हणता काही त्याला आठवत नाही. त्या वेळी तो स्वतःला 'मी' म्हणत होता की नाही? म्हणत होता. केटामाइन या भुलीच्या औषधाचं वेगळंच. डोळे उघडे, बुबुळं हलतायत, श्वास स्वतःचा, आवंढा गिळतोय, आणि मोडलेलं हाड बसवताना चेहऱ्यावर रेष हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे कुणी नाही. शुद्धीवर आल्यावर त्यातले काही जण सांगतात की आपण शरीर सोडून तरंगत होतो, रंग दिसत होते. आणि मणक्यात भूल दिलेली बाई सिझर चालू असताना पूर्ण शुद्धीत असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकून तिचे डोळे भरतात, आणि पोटावर सुरी चालल्याचं दुखणं मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही.

जिवंत असणं, प्रतिसाद देणं, जाणवणं, लक्षात राहणं, स्वतःला ओळखणं. या सगळ्यांची वर्दळ एकाच जिन्यावरून चालत असती तर कुठल्याही औषधाने ती ठरल्या क्रमानेच गेली असती. तशी ती जात नाही.

यातही प्रतिसाद आणि जाणवणं यांची गल्लत सगळ्यात वाईट. ती दोन्ही बाजूंनी होते.

एक बाजू अशी. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरचं विष, कुरारे, १९४२ मध्ये माँट्रियलला ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला वापरलं गेलं. ते दिलं की माणूस पापणीसुद्धा हलवू शकत नाही. मग काहींना वाटू लागलं की हे शुद्धही घालवत असेल. १९४७ साली अमेरिकेत यूटा इथे स्कॉट स्मिथ या डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून घेतला. भरपूर कुरारे, सोबत भूल अजिबात नाही, श्वास सहकाऱ्यांनी हाताने दिला. ताकद परत आल्यावर त्याने सांगितलं की सर्व वेळ आपल्याला सगळं ऐकू येत होतं, स्पर्श कळत होता, विचार स्वच्छ होता. बाहेरून बघाल तर शून्य प्रतिसाद, तुमच्या तक्त्यावर दगडाशेजारी. आत माणूस अख्खा.

अतिदक्षता विभागात आम्ही ग्लासगो कोमा स्केल वापरतो. १९७४ मधलं आहे. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, म्हणजे सर्वांत कमी ३ आणि सर्वांत जास्त १५. नातेवाईक विचारतात, "आज किती?" आम्ही "सात" म्हणतो, आणि तो आकडा घेऊन ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात. मला दर वेळी सांगावंसं वाटतं की हे गुण दिसणाऱ्या प्रतिसादाचे आहेत. आत किती आहे याचे नाहीत. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये अपघातानंतर महिनोन् महिने कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, "टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर." मग सांगितलं, "स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिर." दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले, निरोगी माणसाचे उजळतात तेच. २०२४ मध्ये यावर मोठा अभ्यास आला. सांगितलेल्या गोष्टीला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. चारातला एक. त्यानंतर माझ्या आयसीयूत कुणी बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी उभं राहून त्याच्या बिलाबद्दल किंवा तो जगणार का मरणार याबद्दल बोलू लागलं की मी त्यांना बाहेर नेते.

दुसरी बाजू याच्या उलट. भुलीचा वायू किती प्रबळ ते मोजायचं आमचं एक माप आहे. सुरी लावल्यावर १०० पैकी ५० रुग्ण हलणार नाहीत, एवढं वायूचं प्रमाण. साधारणपणे त्याच्या एक तृतीयांश प्रमाणालाच माणूस हाकेला ओ देईनासा होतो. म्हणजे मधल्या पट्ट्यात असं होतं की माणूस बेशुद्ध आहे, तरी सुरी लागली की हात आखडतो. १९९३ मध्ये उंदरांवर तपासलं गेलं. मोठा मेंदू काढून टाकलेल्या उंदरांनाही न हलण्यासाठी तेवढाच वायू लागला. ती हालचाल पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू करतो. तेव्हा 'हललं म्हणजे दुखलं' हेही खरं नाही आणि 'हललं नाही म्हणजे दुखलं नाही' हेही खरं नाही.

आता त्या मुलीचा भाऊ.

१९८० च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या इस्पितळांत नवजात बाळांची, त्यातही दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांची, मोठी ऑपरेशनं जवळजवळ वेदनाशामकाविना होत. स्नायू सैल करायचं औषध आणि फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू. कारण दोन सांगत. एक, इतक्या लहान जीवाला भूल सोसणार नाही. दुसरं, त्याचा मेंदू अजून कच्चा आहे, त्याला दुखत नसणार, दुखलं तरी आठवणार नाही. म्हणजे बाळाला तुमच्या तक्त्यावर खालची पायरी देऊन टाकली होती, आणि त्या पायरीवर वेदना नाही असं धरून चालले होते. कुरारे दिलेलं बाळ रडूही शकत नाही, त्यामुळे कुणाच्या नजरेला काही पडतही नव्हतं.

१९८७ साली भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डला काम करताना हे तपासलं. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याचं ऑपरेशन असलेली अपुऱ्या दिवसांची बाळं. निम्म्यांना नेहमीचंच, निम्म्यांना त्यात फेंटानिल या जोरदार वेदनाशामकाची भर. ज्यांना फेंटानिल नव्हतं त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं आणि साखर कितीतरी वाढली, आणि ऑपरेशननंतरचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते रक्ताने सांगितलं. बाळांना पुरेशी भूल द्यायची प्रथा त्यानंतर झपाट्याने बदलली. हे सगळं माझ्या जन्मानंतरचं आहे, सर. पुराणकाळातलं नाही.

म्हणून माझं म्हणणं, बाण आणि पायऱ्या काढूच नका. आडव्या ओळींत मुलांना हवे ते घ्या : दगड, विषाणू, आंबा, गांडूळ, मधमाशी, मासा, कुत्रा, दोन महिन्यांचं बाळ, झोपलेला माणूस, भूल दिलेला माणूस, जागा माणूस. उभ्या रकान्यांत प्रश्न ठेवा : जगतो का? बाहेरच्या गोष्टीला प्रतिसाद देतो का? त्याला काही जाणवतं का, दुखतं-सुखावतं का? स्वतःला ओळखतो का? प्रत्येक चौकोनात 'हो', 'नाही' किंवा 'कशावरून?' एवढंच लिहायचं. तिसऱ्या रकान्यात 'कशावरून?' पुष्कळ वेळा येईल. येऊ द्या. मुलीच्या भावापुढे मात्र तिसऱ्यात ठसठशीत 'हो' लिहा. चौथ्यात 'अजून नाही'. आरशात बघून स्वतःच्या नाकावरचा डाग पुसायला मुलं साधारण दीड ते दोन वर्षांची झाली की लागतात.

शिरोळकर

ताईंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी शेतकरी माणूस, घराणं जैन. आमच्या भागात सातवी-आठवीतली पोरं पाठशाळेत हे वर्गीकरण पाठ करतात, आणि ते नेमकं रकान्यांचंच आहे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, म्हणजे आमच्या जैनांच्या जुन्या सूत्रग्रंथात, दुसऱ्या अध्यायात येतं. आधी जीव दोन तऱ्हेचे, स्थावर आणि त्रस. स्थावर म्हणजे एकच इंद्रिय असलेले, फक्त स्पर्श. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती हे ज्यांचं शरीर आहे ते जीव यात आले. म्हणजे सरांचा तळाचा दगडसुद्धा खाणीत असेतोवर आमच्याकडे निर्जीव नाही. त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जिवांचं सूत्र असं आहे : 'कृमिपिपीलिकाभ्रमरमनुष्यादीनामेकैकवृद्धानि'. कृमीला स्पर्श आणि चव. मुंगीला त्यात वासाची भर. भुंग्याला नजरेची. माणूस वगैरेंना कानाची. एकेक वाढत जातं. मुंगीला डोळे असतात हे आज शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतं, तेव्हा कुणाला किती इंद्रियं ही यादी जशीच्या तशी धरा असं मी म्हणणार नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं सूत्र : 'संज्ञिनः समनस्काः'. पाचही इंद्रियं असलेल्यांतसुद्धा मन असलेले वेगळे आणि मन नसलेले वेगळे. मन हे इंद्रियांच्या ओळीतली सहावी पायरी म्हणून येत नाही, त्याचा प्रश्न स्वतंत्र विचारलाय. आणि सुख-दुःख तर एकाच इंद्रियाच्या जिवालाही आहे. जाणवणं सगळ्यांना, विचार काहींना. ताई म्हणतात त्या तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातला फरक हाच.

दुसरं असं की हे वर्गीकरण ज्ञानासाठी केलेलं नाही. कुणाला इजा करायची नाही आणि नाइलाजाने करावी लागली तर कुठे कमीत कमी होईल, यासाठी केलंय. नांगर घातला की जीव मरतात, हे आम्हाला माहीत आहे. त्याला उद्योगी हिंसा म्हणतात, गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही. ठरवून, मारायचं म्हणूनच मारणं ती संकल्पी हिंसा, ती गृहस्थालाही नाही. माझी आई पाणी गाळून झालं की गाळणं उलटं करून त्यातले जीव परत विहिरीतच सोडायची, दुसऱ्या पाण्यात नाही. तक्त्यावर एक रकाना आणखी ठेवा सर : 'आपण याच्याशी कसं वागायचं?' तो नसेल तर बाकीचे रकाने कशाला भरायचे, हे पोरांना कळणार नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. रकान्यांचा तक्ता आज फळ्यावर काढून बघितला आणि तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठेनात. शिरोळकर, तुमचा रकाना घेतला.

ताई, दोन ठिकाणी वर्गात भांडण लागलं. एक, लाजाळू. स्पर्श केला की मिटते, तर तिसऱ्या रकान्यात 'हो' का नाही? दुसरं, आरसा. कुत्रा आरशात स्वतःला ओळखत नाही, मग चौथ्या रकान्यात सरळ 'नाही' लिहायचं का?

रात्रपाळी

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, टेनेसी आणि टेक्सासच्या ग्राहकांमुळे रात्री जागा. या तक्त्यात एक ओळ हवीच : मोबाइलवरचा बोलणारा एआय. "तुला काय वाटतं?" विचारलं तर तो माणसासारखं उत्तर देतो, 'मी' हा शब्द बरोबर वापरतो, आपल्या चुका सांगतो. प्रतिसादाचा रकाना तर तो आपल्यापेक्षा चांगला भरतो. मुलं हे विचारणारच. मग त्याला कुठे ठेवायचं? मेंदूच्या पेशींची संख्या हा निकष का नको? मोजता तरी येतो.

कृष्णाकाठ

लाजाळूपासून सुरू करते, कारण तिचं माझ्या धंद्याशी जुनं नातं आहे. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने काचेच्या हंडीखाली लाजाळूचं रोप आणि ईथरमध्ये भिजवलेला स्पंज ठेवला. थोड्या वेळाने पानांना हात लावला तर मिटली नाहीत. हंडी काढून ईथर उडून गेल्यावर पुन्हा मिटू लागली. १८७८ मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत हे आहे, आणि २०१८ मध्ये लाजाळूवर आणि कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपवर नव्या उपकरणांनिशी हे पुन्हा दाखवलं गेलं. बर्नारने यावरून म्हटलं की भूल ही मेंदूपुरती गोष्ट नाही, सजीव पेशी मात्रावर ती चालते.

मला यातून एवढंच निघतं : भूल लागू पडते म्हणजे आधी तिथे जाणीव होती, असं म्हणता येत नाही. लाजाळूच्या पानाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. स्पर्शाने विजेचा संकेत धावतो, सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि मागोमाग पाणी बाहेर पडतं, पान कलतं. जगदीशचंद्र बोसांनी या विजेच्या संकेतांवर आयुष्य घातलं, आणि १९०२ च्या पुस्तकात तर कथलासारख्या धातूच्या तारेचे प्रतिसादही शेजारी मांडून दाखवले. तारसुद्धा वारंवार चेतवल्यावर थकल्यासारखी वागते. बोसांना त्यातून सजीव-निर्जीव यांच्यातलं अंतर पुसट होताना दिसलं. मला त्यातून दुसरा रकाना किती स्वस्त आहे ते दिसतं. लाजाळूला दुसऱ्यात 'हो', तिसऱ्यात 'कशावरून?' लिहा. ईथरचा प्रयोग शाळेत मुळीच करू नका, ते भडकन पेटतं.

आरशाची कसोटी १९७० मध्ये गॉर्डन गॅलपने चिंपांझींवर केली. गुंगीत असताना भुवईवर रंगाचा ठिपका, जागं झाल्यावर समोर आरसा, आणि चिंपांझीने हात आरशाकडे न नेता स्वतःच्या भुवईकडे नेला. पुढे डॉल्फिन, आशियाई हत्ती, मॅगपाय पक्षी असे त्यात आले. २०१९ मध्ये तर एक बोटभर मासा आला, जो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. काही जणांना मासा पास झालाय हेच पचेना, मग ते म्हणू लागले की कसोटीच बिघडलेली असणार. माकड पास झालं असतं तर त्यांनी हे म्हटलं नसतं असं मला वाटतं. कुत्रा नजरेवर जगत नाही. २०१७ मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झने कुत्र्यांना त्यांच्याच लघवीचा वास, आणि त्याच वासात आणखी काहीतरी मिसळून, असे डबे हुंगायला दिले. स्वतःचा वास बदललेला असला की कुत्री जास्त वेळ हुंगत राहिली. वासाचा आरसा म्हणा. चौथ्या रकान्यात 'नाही' लिहू नका, 'डोळ्यांनी नाही' असं लिहा.

रात्रपाळी, पेशी मोजून भागत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यातल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत, मानेच्या वरच्या बाजूला. चीनमधल्या एका बाईला जन्मापासून लहान मेंदूच नाही हे ती २४ वर्षांची असताना कळलं. चालताना तोल जायचा, बोलणं अडखळत सुरू झालं होतं. पण ती शुद्धीतली, लग्न झालेली, मूल असलेली बाई होती. पाचातल्या चार पेशी नसूनही 'मी' शाबूत. काय जोडलंय आणि कसं जोडलंय याला महत्त्व दिसतं, नुसत्या संख्येला नाही.

आणि तुमचा एआय. स्कॉट स्मिथ टेबलावर पडला होता तेव्हा सगळं जाणवत होतं आणि सांगण्याची वाट बंद होती. तुमच्या मोबाइलमध्ये सांगण्याची वाट सताड उघडी आहे, माणसांच्या कोट्यवधी वाक्यांवरून ती घडवलेली आहे, आणि मागे जाणवणारं कुणी आहे का हे त्या वाक्यांवरून ठरत नाही. मी रुग्णाच्या तोंडच्या "दुखतंय" वर विश्वास ठेवते, कारण त्याच्या शरीरात तेच मज्जातंतू आहेत जे माझ्या शरीरात आहेत, त्याची नाडी वाढते, बाहुल्या मोठ्या होतात, घाम फुटतो. शब्द हा त्या सगळ्यातला एक पुरावा. बाळाच्या बाबतीत शब्द नव्हता, बाकीचे पुरावे होते, आणि तेवढे पुरेसे होते. ते बघायचे राहिले. यंत्राच्या बाबतीत फक्त शब्द आहे.

तेव्हा त्याच्या ओळीत पहिल्या रकान्यात 'नाही', दुसऱ्यात 'हो', तिसऱ्या-चौथ्यात 'कशावरून?'. शिरोळकरांच्या पाचव्या रकान्यात काय लिहायचं ते मुलांना ठरवू द्या. तिथे एक माहिती मात्र द्या : ब्रिटनने २०२२ च्या प्राणी कल्याण कायद्यात खेकडे, झिंगे आणि माकूळ-ऑक्टोपस यांना जाणीव असलेल्या प्राण्यांत धरलं. त्यांना दुखतं याचा शंभर टक्के पुरावा हाती येईपर्यंत थांबले नाहीत, शेकडो अभ्यास तपासून जेवढा पुरावा मिळाला तेवढा पुरेसा मानला. मुलांमधलं कुणी सुट्टीत कोकणात जाऊन जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात टाकताना बघून आलं असेल, तर त्याला त्या ओळीवर बोलायला पुढे बोलवा.

शिरोळकर

सर, सूत्रं मूळ संस्कृतात आणि खाली मराठी अर्थ अशी मोठ्या अक्षरात लिहून पाठवतो. आमच्या पाठशाळेतल्या पोरांनाही हा रकान्यांचा तक्ता भरायला देणार आहे. दोन्हीकडचे भरून झाले की एकमेकांना फोटो पाठवू, कुठे कुठे फरक पडतो ते बघायचंय.